वापरलेले ग्राफिक्स कार्ड घेताना: नाव नव्हे, कार्ड तपासा

२०१६ मध्ये एनव्हिडियाच्या ‘जीटीएक्स १०६०’ या एकाच नावाची दोन कार्डे बाजारात आली. एकावर ६ जीबी मेमरी होती आणि दुसऱ्यावर ३ जीबी. खोक्यावरून एवढाच फरक कळत असे. प्रत्यक्षात ३ जीबीच्या कार्डातील मुख्य चिपही छाटलेली होती आणि तिच्यात १२८० ऐवजी ११५२ क्युडा कोअर, म्हणजे गणना करणारे बारीक घटक, चालू होते. ही कार्डे आता तिसऱ्या किंवा चौथ्या मालकाच्या हातात आहेत आणि जाहिरातीत बहुधा ‘१०६०, उत्तम स्थितीत’ एवढेच लिहिलेले असते. त्यातला पहिला शब्द अपुरा असतो आणि पुढचे दोन पडताळून पाहिल्याशिवाय खरे मानता येत नाहीत. जुने कार्ड घेताना फसगत होते ती बहुतेक वेळा याच कारणाने: आपण नाव पाहून किंमत ठरवतो आणि वस्तू मात्र घरी आल्यावर तपासतो. हा क्रम उलटा कसा करावा, ते पुढे सविस्तर मांडले आहे.

आधी आपलेच कॅबिनेट उघडावे

कार्डांच्या जाहिराती चाळण्यापूर्वी संगणकाचे झाकण काढून एसएमपीएसच्या, म्हणजे वीजपुरवठा करणाऱ्या डब्याच्या, अंगावरील लेबल वाचावे. त्यावर मोठ्या अक्षरांत छापलेला वॅटचा आकडा फसवा असू शकतो. १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिले आहेत ते पाहावे आणि त्या आकड्याला १२ ने गुणावे. तेथे १८ अँपिअर लिहिलेले असतील, तर कार्ड आणि प्रोसेसर या दोघांना मिळून २१६ वॅटच उपलब्ध आहेत, मग बाहेर काहीही छापलेले असो. १२ व्होल्टचे एकापेक्षा जास्त रकाने असतील तर त्यांची थेट बेरीज करू नये. लेबलावर त्यांची एकत्रित मर्यादा वेगळी दिलेली असते, ती धरावी.

मदरबोर्डावरील स्लॉटमधून कार्डाला ७५ वॅटपर्यंत वीज मिळते, सहा पिनांच्या जोडणीतून आणखी ७५ आणि आठ पिनांच्या जोडणीतून १५० वॅट मिळतात. जीटीएक्स १६५० ची बरीच कार्डे स्लॉटच्या विजेवरच चालतात, म्हणून कार्यालयीन वापरासाठी तयार मिळालेल्या छोट्या संगणकांत ती सहज बसतात. जीटीएक्स १६६० सुपर १२५ वॅट घेते, एएमडीचे आरएक्स ६६०० हे १३२ वॅट आणि आरटीएक्स ३०६० हे १७० वॅट. आरटीएक्स ३०८० चा अधिकृत आकडा ३२० वॅटचा असला तरी क्षणभरासाठी ते त्याहून बरीच जास्त ओढ घेते आणि त्या झटक्याने कमकुवत एसएमपीएस तडक बंद पडतो. कार्डासोबत विक्रेता हार्डडिस्कसाठीच्या साटा जोडणीतून आठ पिनांची जोडणी करणारी लहानशी तार देऊ लागला, तर ती घेऊ नये. साटाच्या जोडणीतून १२ व्होल्टवर ५४ वॅटच अपेक्षित असतात. त्याहून जास्त ओढल्यास प्लास्टिक वितळते आणि प्रसंगी पेटतेही.

यानंतर मोजपट्टी घेऊन कॅबिनेटच्या मागच्या पट्टीपासून पुढच्या पंख्यापर्यंतचे अंतर मोजावे, आणि कार्डाच्या खाली किती स्लॉट मोकळे आहेत तेही पाहावे. तीन पंख्यांची कार्डे अनेक जुन्या कॅबिनेटांत हार्डडिस्कच्या पिंजऱ्याला अडतात.

मदरबोर्डाची पिढी हा मुद्दा दुर्लक्षिला जातो, पण काही कार्डांच्या बाबतीत तोच निर्णायक ठरतो. आरएक्स ६५०० एक्सटी आणि आरएक्स ६४०० ही कार्डे मदरबोर्डाशी फक्त चार लेनने (माहितीच्या वाटांनी) बोलतात. पीसीआय एक्सप्रेसच्या (कार्डाच्या स्लॉटच्या मानकाच्या) चौथ्या पिढीच्या मदरबोर्डावर तेवढ्याने भागते, परंतु तिसऱ्या पिढीच्या मदरबोर्डावर हा मार्ग निम्म्याने अरुंद होतो, आणि मेमरी ४ जीबीच असल्यामुळे ती भरताच खेळ अडखळू लागतो. म्हणजे जुन्या संगणकासाठी स्वस्तातले म्हणून जे कार्ड घ्यावेसे वाटते, ते नेमके जुन्याच संगणकात मागे पडते. इंटेलच्या आर्क मालिकेचेही असेच आहे: मदरबोर्डात रिसायझेबल बारची (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी) सोय नसेल तर ए७५० किंवा ए७७० यांचा वेग इतका घसरतो की त्यांचा विचारच करू नये.

आता प्रोसेसर. सध्या एखादे जुने कार्ड संगणकात असेल तर त्यावरच एक सोपी परीक्षा करता येते. नेहमीचा खेळ १०८०पी वर चालवून फ्रेमचा आकडा (सेकंदाला किती चित्रे दिसतात तो) नोंदवावा, मग बाकी काहीही न बदलता रिझोल्यूशन ७२०पी वर आणावे. फ्रेम लक्षणीय वाढल्या तर अडथळा कार्डाचा आहे आणि नव्या कार्डाने फरक पडेल. आकडा जवळपास तेवढाच राहिला तर प्रोसेसरच थकलेला आहे. अशा वेळी कितीही चांगले कार्ड लावले तरी फ्रेम फारशा वाढणार नाहीत.

किती मेमरी आणि कोणती पिढी

नवे, मोठे खेळ १०८०पी वर खेळायचे असतील तर ८ जीबी व्हीरॅम, म्हणजे कार्डावरची मेमरी, ही मी आजची किमान मर्यादा मानतो. मेमरी कमी पडली की सरासरी फ्रेमचा आकडा पुष्कळदा ठीकच दिसतो, म्हणून तुलनेच्या तक्त्यांत ही उणीव लपून राहते. खेळताना मात्र वळणावर चित्र क्षणभर थबकते, भिंतींवरचे पोत चिखलासारखे दिसतात आणि काही सेकंदांनी एकदम स्पष्ट होतात. स्पर्धात्मक ऑनलाइन खेळांपुरताच वापर असेल तर ४ किंवा ६ जीबीवरही काम भागते आणि तेथे जास्त पैसे घालण्यात अर्थ नाही.

पिढीचा प्रश्न जास्त नाजूक आहे. मार्च २०१७ मध्ये आलेले जीटीएक्स १०८० टीआय हे आजही अनेकांना मोह घालणारे कार्ड आहे: ११ जीबी मेमरी, भक्कम वेग आणि उतरलेली किंमत. मलाही या कार्डाबद्दल जिव्हाळा आहे. तरीही आज ते घ्या असे मी कोणाला सांगणार नाही. एक तर ते २५० वॅट घेते. दुसरे म्हणजे त्यात रे ट्रेसिंगसाठी (प्रकाशकिरणांचा मार्ग मोजून चित्र रंगवण्यासाठी) वेगळे हार्डवेअर नाही, आणि डिसेंबर २०२४ मधला ‘इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल’ किंवा मे २०२५ मधला ‘डूम: द डार्क एजेस’ यांसारख्या खेळांना ते हार्डवेअर सक्तीचे आहे, तेथे सेटिंग कमी करून भागत नाही. त्यात डीएलएसएसही (कमी रिझोल्यूशनचे चित्र वाढवून फ्रेम वाढवणारी एनव्हिडियाची सोय) चालत नाही, कारण ती सोय आरटीएक्स २० मालिकेपासून पुढेच आहे. शिवाय एनव्हिडियाने मॅक्सवेल आणि पास्कल या पिढ्यांसाठी, म्हणजे जीटीएक्स ९०० आणि १००० या मालिकांसाठी, खेळांचे नवे ड्रायव्हर देणे ऑक्टोबर २०२५ पासून थांबवले असून ऑक्टोबर २०२८ पर्यंत फक्त सुरक्षेचे ड्रायव्हर देण्याचे जाहीर केले आहे. जीटीएक्स १६०० मालिका ही त्यानंतरच्या ट्युरिंग पिढीची असल्यामुळे या निर्णयाबाहेर आहे, हे लक्षात ठेवावे. नावात ‘जीटीएक्स’ पाहून दोन्हींना एकाच मापाने मोजण्याची चूक पुष्कळ जण करतात.

या सगळ्याचा विचार करता माझी पहिली पसंती ऑक्टोबर २०२१ मधल्या आरएक्स ६६०० ला असते, कारण ८ जीबी मेमरी, आठ पिनांची एकच जोडणी आणि कमी वीज या तिन्ही गोष्टी त्यात एकत्र मिळतात. रे ट्रेसिंगचे हार्डवेअर त्यात आहे, भले त्याचा जोर मर्यादित असेल. ज्यांना डीएलएसएस हवे आहे किंवा खेळाबरोबर व्हिडिओ संपादन आणि त्रिमितीय कामही करायचे आहे, त्यांनी आरटीएक्स २०६० सुपर किंवा १२ जीबीचे आरटीएक्स ३०६० शोधावे. आरएक्स ५७०० एक्सटी वेगवान आहे, परंतु रे ट्रेसिंगच्या बाबतीत ते १०८० टीआयच्याच पंक्तीत बसते.

नावांचा घोळ

जीटीएक्स १०६० हे एकटे उदाहरण नाही. जीटी १०३० ची जीडीडीआर५ मेमरीची आवृत्ती सेकंदाला ४८ जीबी माहिती हलवते, तर त्याच नावाची डीडीआर४ आवृत्ती अवघी १६.८ जीबी. आरटीएक्स ३०६० ची ८ जीबीची आवृत्ती नंतर आली. तिच्यात केवळ मेमरीच कमी नव्हे, तर मेमरीचा मार्गही १९२ बिटांऐवजी १२८ बिटांचा आहे. आरएक्स ५८० मध्ये २३०४ शेडर (क्युडा कोअरसारखेच गणनेचे घटक) असायला हवेत. २०४८ शेडरची जी आवृत्ती ‘५८०’ म्हणूनच विकली जाते, ती वस्तुतः आरएक्स ५७० च्या तोडीची आहे. हा फरक किमतीत दिसत असेल तर ती घेण्यात काही गैर नाही, पण ५८० च्या भावात ५७० घेऊ नये.

याशिवाय लॅपटॉपसाठी बनलेली चिप डेस्कटॉपच्या पट्टीवर बसवून विकलेली कार्डेही फिरत असतात. त्यांच्या नावाच्या शेवटी ‘एम’ असते आणि जाहिरातीत नेमके तेच अक्षर गळते. पी१०६ नावाचे कार्ड खास मायनिंगसाठी, म्हणजे कूटचलन कमावण्याच्या गणनेसाठी, बनले होते आणि त्याला मॉनिटर जोडण्याची सोयच नाही. सर्वांत वाईट प्रकार म्हणजे दहा-पंधरा वर्षांपूर्वीच्या चिपच्या कार्डात बायोस (कार्डाचा अंगभूत प्रोग्रॅम) बदलून त्याला जीटीएक्स १०५० टीआयसारखे नाव देणे. असे कार्ड विंडोजमध्ये खोटेच नाव दाखवते. पास्कल पिढीच्या चिपमधून व्हीजीएचा अॅनालॉग सिग्नल काढून टाकलेला होता, म्हणून ‘१०५० टीआय’ म्हणवणाऱ्या कार्डावर निळे व्हीजीए पोर्ट दिसले तर तेथेच संशय घ्यावा. जीपीयू-झेड हा मोफत प्रोग्रॅम अशी बरीच कार्डे ओळखतो आणि नावाच्या आधी ‘फेक’ असा शिक्का दाखवतो.

मायनिंगची भीती कितपत खरी

१५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियम या कूटचलनाने आपली पद्धत बदलली, त्या दिवशी ग्राफिक्स कार्डांवर इथेरियमचे मायनिंग संपले आणि राबवलेली असंख्य कार्डे विक्रीला निघाली. तेव्हापासून प्रत्येक विक्रेता ‘मायनिंग केलेले नाही’ असे आवर्जून लिहितो, आणि त्या वाक्याला माझ्या लेखी काहीच किंमत नाही, कारण ते पडताळता येत नाही. तसेही मायनिंग हा अपात्रतेचा शिक्का नव्हे. जाणकार माणूस मायनिंगसाठी कार्डाचे व्होल्टेज उतरवून ठेवतो आणि तापमान दिवसरात्र जवळपास स्थिर राहते. उलट खेळणाऱ्याचे कार्ड रोज तापते आणि थंड होते, आणि सोल्डरच्या जोडांवर ताण येतो तो या चढउतारानेच. मायनिंगमध्ये झिजतात ते पंखे, आणि भाजून निघते ती मेमरी. म्हणून विक्रेत्याला इतिहास विचारत बसण्यापेक्षा या दोन गोष्टी तपासाव्यात. आरएक्स ५८० सारख्या कार्डांत मायनिंगसाठी बदललेला बायोस तसाच राहून गेलेला असतो, तोही पाहावा. काही कार्डांवर दोन बायोसमध्ये अदलाबदल करणारे बारीक बटण असते आणि ते दुसऱ्या बाजूला सरकवले की मूळ बायोस परत मिळण्याची शक्यता असते.

भेटीपूर्वीचे संभाषण

विक्रेत्याला विचारण्यासारखे प्रश्न मोजकेच आहेत. कार्ड सध्या संगणकात चालू आहे का, मूळ बिल आहे का, कधी उघडले किंवा दुरुस्त केले का, आणि अर्धा तास चाचणी करू द्याल का? यातील शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे. ‘घरी नेऊन बघा, काही झाले तर फोन करा’ हे उत्तर म्हणजे नकारच समजावा. वॉरंटी शिल्लक असल्याचे सांगितले तर ती अनुक्रमांकावर चालते की पहिल्या खरेदीदाराच्या बिलावर, हे त्या कंपनीच्या नियमांत स्वतः पाहावे आणि कार्डावरील चिकटपट्टीचा अनुक्रमांक खोक्यावरील अनुक्रमांकाशी जुळतो का तेही तपासावे.

दूरवरून कुरिअरने मागवायचे असल्यास छायाचित्रांवर समाधान मानू नये. कागदावर त्या दिवसाची तारीख लिहून तो कार्डाशेजारी ठेवलेला, आणि मग त्याच सलग चित्रीकरणात चालू संगणकावर जीपीयू-झेड व ताणाची चाचणी दिसणारा व्हिडिओ मागवावा. पार्सल आल्यावर ते उघडतानाचे चित्रीकरण आपणही करावे.

हातात घेतल्यावर

कार्ड उजेडात धरून आधी वास घ्यावा. हे हास्यास्पद वाटेल, पण जळक्या इलेक्ट्रॉनिक्सचा वास महिनोन्‌महिने जात नाही. मग टॉर्चच्या उजेडात सोनेरी संपर्कपट्टी पाहावी, आणि विशेषतः तिच्या लगतचे तांदळाच्या कणीएवढे कपॅसिटर सर्व जागच्या जागी आहेत का ते पाहावे. कार्ड स्लॉटमध्ये वाकडे घालताना हेच आधी तुटतात. जड कार्ड आधाराविना आडवे राहिले असेल तर संपर्कपट्टीच्या शेवटच्या हुकापाशी सर्किट बोर्डाला केसासारखी चीर पडते, आणि ती दुरुस्त करणे सहसा परवडत नाही. वीजजोडणीच्या पिनांभोवतीचे प्लास्टिक पिवळसर किंवा वितळलेले नसावे. पांढरट किंवा हिरवट बुरशीसारखा थर दिसला तर कार्ड ओलाव्यात राहिलेले आहे.

स्क्रूंची डोकी घासलेली असतील तर कार्ड कोणीतरी उघडले आहे एवढेच सिद्ध होते. थर्मल पेस्ट बदलण्यासाठी उघडले असेल तर ती चांगलीच गोष्ट आहे. पट्टीवर तेलकट ओघळ दिसतात ते थर्मल पॅडमधून झिरपलेले सिलिकॉन असते आणि ते दिसायला वाईट असले तरी अपायकारक नसते. मात्र मुख्य चिपभोवती तपकिरी, चिकट फ्लक्सचे (सोल्डरिंगच्या रसायनाचे) कडे दिसले, तर कार्ड मृत झाल्यावर त्याला उष्णता देऊन तात्पुरते जिवंत केलेले असण्याचा संभव असतो. अशी कार्डे काही आठवडे चालतात, कधी काही तासच, आणि मग पुन्हा बंद पडतात.

पंखे बोटाने हलकेच फिरवावेत. निरोगी पंखा सावकाश, निःशब्द थांबतो. झिजलेला पंखा वरखाली डुगडुगतो किंवा खरखरतो. पंखा बदलता येतो, म्हणून एवढ्यावरून कार्ड नाकारू नये, भाव मात्र कमी करून घ्यावा.

अर्ध्या तासाची चाचणी

मी पहिल्यांदा जुने कार्ड घेतले तेव्हा विक्रेत्याने ते संगणकात लावून दाखवले, विंडोज सुरू झाले, एक व्हिडिओ नितळ चालला, आणि मी समाधानाने पैसे दिले. घरी पहिलाच खेळ सुरू केल्यावर दहा मिनिटे सर्व ठीक होते. अकराव्या मिनिटाच्या सुमारास आकाशाच्या निळ्या भागात हिरवे ठिपके चमकू लागले, आधी दोन-तीन, मग मूठभर तांदूळ उधळावेत तसे. त्यानंतर पडदा काळा झाला आणि कार्डाचे पंखे एकदम पूर्ण वेगाने ओरडू लागले. झाकण काढून पाहिले तेव्हा चिपभोवतीचे ते तपकिरी कडे मला पहिल्यांदा दिसले. साध्या विंडोजच्या पडद्यावर किंवा व्हिडिओ पाहताना कार्डाचा फार लहान भाग कामाला लागतो, आणि मेमरी जवळपास रिकामी असते. दोष उघडा पडतो तो कार्ड तापल्यावर आणि मेमरी भरल्यावर.

म्हणून चाचणीला जाताना पेनड्राइव्हवर जीपीयू-झेड, तापमान दाखवणारे एचडब्ल्यूइन्फो, मेमरी तपासणारे ओसीसीटी आणि कार्डावर भार टाकणारे युनिजिन सुपरपोझिशन हे चार प्रोग्रॅम घेऊन जावेत. डिस्प्लेपोर्टची तारही बरोबर असावी. विक्रेत्याला संगणक आधीपासून तापवून न ठेवण्याची विनंती करावी.

प्रथम जीपीयू-झेड उघडावा. शेडरची संख्या, मेमरीचा प्रकार, तिचा आकार आणि मार्गाची रुंदी हे चार आकडे त्या मॉडेलच्या अधिकृत आकड्यांशी ताडून पाहावेत. आपण आधीच टिपून आणलेला कागद येथे उपयोगी पडतो. नंतर बस इंटरफेसचा, म्हणजे मदरबोर्डाशी असलेल्या जोडणीचा, रकाना पाहावा. कार्ड शांत असताना तेथे जुनी, मंद पिढी दिसते आणि नवखे लोक घाबरतात. ती केवळ विजेची बचत असते. त्या रकान्याजवळचे प्रश्नचिन्ह दाबून छोटीशी चाचणी सुरू केली की खरा आकडा दिसतो. सोळा लेनचे कार्ड योग्य स्लॉटमध्ये असूनही आठ किंवा चार लेनवरच अडकले असेल, तर कार्ड काढून संपर्कपट्टी पुसून पुन्हा लावावे. तरीही फरक पडला नाही तर व्यवहार थांबवावा. याच वेळी विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाच्या नावावर पिवळे चिन्ह आणि ‘कोड ४३’ नाही ना, हेही पाहावे.

यानंतर सुपरपोझिशन किंवा एखादा जड खेळ वीस मिनिटे सलग चालवावा आणि शेजारी एचडब्ल्यूइन्फो उघडे ठेवावे. फरमार्क हा ताण देणारा प्रोग्रॅम वापरण्याची पद्धत आहे, परंतु तो कार्डावर अनैसर्गिक भार टाकतो, त्यामुळे विक्रेता हरकत घेतो आणि ती हरकत अगदीच चूक नसते. दोन-तीन मिनिटे पुरेत. पूर्ण भारावर चिपचे तापमान ६५ ते ८३ अंश सेल्सिअसच्या दरम्यान स्थिरावले तर ते सर्वसाधारण आहे. त्याहून बोलका असतो तो चिपचे सरासरी तापमान आणि हॉटस्पॉट (चिपवरील सर्वांत तापलेली जागा) यांच्यातील फरक. तो दहा ते वीस अंशांचा असावा. तीस अंशांच्या पुढे गेला तर थर्मल पेस्ट सुकलेली आहे किंवा हीटसिंक नीट टेकलेला नाही. आरटीएक्स ३०७० टीआय, ३०८० आणि ३०९० यांत जीडीडीआर६एक्स मेमरी असते आणि तिचे तापमान वेगळे दिसते. ते ११० अंशांना पोहोचले की कार्ड स्वतःच वेग कमी करते. तेथे शंभरीच्या आत राहणारे कार्ड निवडावे.

आकडे पाहताना पडद्यावरची नजर हटवू नये. रंगीत ठिपके, बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोन, ताणलेले त्रिकोण किंवा आडव्या रेषा यांपैकी काहीही एकदा जरी दिसले तरी कार्ड घेऊ नये, मग विक्रेता ड्रायव्हरला कितीही दोष देवो. शंका असल्यास ओसीसीटीतील व्हीरॅमची चाचणी पाच मिनिटे लावावी. तेथे एकही चूक निघता कामा नये.

आवाजाचाही अर्थ लावावा लागतो. भार कमी असताना पंखे अजिबात फिरत नसतील तर तो बहुतेक आधुनिक कार्डांत दोष नसून सोय आहे. तापमान चढल्यावर सर्व पंखे फिरू लागतात ना, एवढे पाहावे. फ्रेमची संख्या फार वाढल्यावर येणारी बारीक किणकिण कॉइलची असते, ती त्रासदायक पण निरुपद्रवी. खरखर मात्र पंख्याच्या बेअरिंगची.

शेवटी खेळ चालू असतानाच तार काढून कार्डावरील प्रत्येक पोर्टला लावून पाहावी, आणि संगणक पूर्ण बंद करून गरम अवस्थेतच पुन्हा सुरू करावा. थकलेले कार्ड पुष्कळदा याच क्षणी रुसते.

भाव ठरवताना

जाहिरातींतील मागणीचे भाव हे विक्रेत्यांच्या आशा असतात; प्रत्यक्ष विकल्या गेलेल्या कार्डांचे भाव सापडले तर तेच पाहावेत. दुसरे माप म्हणजे तेवढाच वेग देणारे सर्वांत स्वस्त नवे कार्ड. जुने कार्ड त्याच्या दोन तृतीयांश किमतीपेक्षा महाग पडत असेल तर मी नवे घेतो, कारण वॉरंटी आणि आणखी काही वर्षांचे ड्रायव्हर यांचे मोल तेवढे तरी धरावेच लागते. हे माझे वैयक्तिक प्रमाण आहे; स्वतः पेस्ट आणि पंखे बदलू शकणाऱ्याने ते थोडे सैल करायला हरकत नाही.

घरी आणल्यावर

कार्ड बदलण्यापूर्वी जुने ड्रायव्हर डीडीयू या प्रोग्रॅमने सेफ मोडमध्ये काढून टाकावेत, विशेषतः एका कंपनीकडून दुसऱ्या कंपनीकडे जात असताना. दोन स्वतंत्र वीजजोडण्या असतील तर एसएमपीएसपासून दोन वेगळ्या तारा आणाव्यात. एकाच तारेच्या दोन फाट्यांवर मोठे कार्ड चालवू नये. जीपीयू-झेडमधून बायोसची प्रत जतन करून ठेवावी.

पहिला आठवडा कार्ड उघडू नये. परत करण्याची मुदत मिळाली असेल तर ती तशीच वापरून घ्यावी आणि रोज दोन तास खेळून तापमानाच्या नोंदी ठेवाव्यात. त्यानंतर हॉटस्पॉटचा फरक जास्त असेल तर पेस्ट बदलावी. थर्मल पॅड मात्र फाटले नसतील तर तसेच राहू द्यावेत, कारण नव्या पॅडची जाडी अर्धा मिलिमीटर जरी जास्त झाली तरी हीटसिंक मुख्य चिपवर टेकत नाही आणि तापमान आधीपेक्षा वाढते. बदलणे भागच असेल तर प्रत्येक जागेची जाडी त्याच मॉडेलसाठी शोधून, लिहून, मगच पॅड कापावेत.

कार्ड स्थिर आहे याची खात्री झाली की एमएसआय आफ्टरबर्नर या प्रोग्रॅममध्ये व्होल्टेज थोडे उतरवून पाहावे. ज्यांना व्होल्टेजच्या वक्राची भानगड नको असेल त्यांनी नुसती पॉवर लिमिट (कार्डाने घ्यायच्या विजेची मर्यादा) ८० ते ८५ टक्क्यांवर आणावी. फ्रेममधली घट बहुतेक खेळांत जाणवत नाही, पण पंख्यांचा आवाज लगेच उतरतो.